मार्फत धाकली

डॉक्टर रुचिता आणि ड्रायव्हर शैलेश यांच्यात आठवडाभर विस्तव जात नव्हता, आणि दोघांची नोकरी एकाच रुग्णवाहिकेत होती. रुचिता मागे पेशंटपाशी, शैलेश पुढे स्टिअरिंगवर, मध्ये पत्र्याची भिंत आणि त्या भिंतीत एक सरकती काच. एरवी त्या काचेतून दिवसभर गप्पा चालायच्या. आता काच उघडी असायची, पण बोलणं बंद.

भांडणाचं मूळ सुके बोंबील. शैलेश वाढवणचा. त्याच्या आईने तलासरीला दिलेल्या लेकीसाठी बोंबलांचं पुडकं पाठवलं होतं आणि ते या पठ्ठ्याने बँडेजच्या कपाटात ठेवलं होतं. त्या दिवशीच्या पेशंटला नुसती चक्कर येत होती. रुचिताने कपाट उघडल्यावर त्याला उलटीही झाली. तिने पुडकं उचललं आणि रस्त्याकडेच्या कुत्र्यांपुढे टाकलं. "आईच्या हातचे होते," शैलेश म्हणाला. "गाडी पेशंटची आहे," रुचिता म्हणाली. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे माघार कोणीच घेईना.

आता रुग्णवाहिकेत न बोलता भागत नाही. यावर दोघांनी न ठरवताच तोड काढली. पेशंटबरोबर जो नातेवाईक बसेल, त्याच्यामार्फत बोलायचं. 'त्यांना सांगा, एसी वाढवा.' 'त्यांना सांगा, पुढे फाटक बंद आहे.' नातेवाईक आधीच घाबरलेले असत. सांगितलं तसं सांगत. हा कारभार इतका सुरळीत चालला की दोघांना अबोल्याचा काही त्रासच होईना.

मग उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावरून फोन आला. सुषमाला कळा सुरू झाल्या होत्या. तिच्या अंगात रक्त कमी, म्हणून बाळंतपण डहाणूच्या मोठ्या दवाखान्यातच करायचं हे आधीपासून ठरलेलं. नवरा दिपक भिलाडच्या कंपनीत पाळीवर होता. त्यामुळे सुनेबरोबर सासू निघाली. तिचं नाव धाकली. वयाने आणि बोलण्याने ती पाड्यात सगळ्यांत थोरली होती. ती गाडीत चढली, काचेजवळची जागा तिने धरली, लुगडं सावरलं आणि घरची ओटी असल्यासारखी मांडी ठोकली.

रुचिताने सुषमाला तपासलं. वेळ होता, पण फार नव्हता. डहाणूला रक्ताची सोय तयार होती. गाडीत बाळंतपण झालं आणि रक्त जास्त गेलं, तर इथे तिच्या हातात सलाइनशिवाय फारसं काही नव्हतं. तिला मनातून भीती वाटत होती आणि ती तिने नेहमीप्रमाणे रागातून बाहेर काढली.

"त्यांना विचारा, बैलगाडी चालवताय का म्हणावं."

धाकलीने काचेतून तोंड पुढे घातलं. सायरनच्या आवाजात ती काय बोलली ते रुचिताला ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. धाकली शैलेशला म्हणाली, "बाय सांगते, खड्डे लय हायत. सावकाश जा, जपून."

शैलेश चकित झाला. आठवडाभरानंतर समोरून काळजीचा शब्द आला होता. त्याने लगेच गाडीचा वेग कमी केला आणि सांगितलं, त्यांना म्हणावं, काळजी करू नका. हा निरोप मात्र धाकलीने जसाच्या तसा पोचवला.

"काळजी करू नका?" रुचिताचं टाळकं सरकलं. सुषमा कळा देतेय, गाडी हळू होतेय आणि हा माणूस वर सल्ला देतोय. बोंबलांचा सूड हा असा उगवणार, तोही एका गरोदर बाईवर, हे तिला पटलंच. तिने धाकलीला स्वच्छ सांगितलं, "त्यांना सांगा, पेशंटला काही झालं ना, तर मी त्यांना सोडणार नाही."

धाकलीने पुन्हा तोंड पुढे घातलं. "बाय बोलते, तू रातपाळी केलीस, डोले लाल झाले तुझे. तुला काय झालं तर तिने काय करायचं?"

शैलेशने आरशात स्वतःचे डोळे पाहिले. थोडे लाल होते खरे. आपण उगाच एवढं ताणलं, मॅडम मनाने वाईट नाहीत, असं त्याला आतून वाटलं. त्याने वेग आणखी कमी केला. हायवेला लागल्यावर एका केळ्यांच्या टेम्पोने त्यांना ओव्हरटेक केलं. रुग्णवाहिकेला ओव्हरटेक करायचा प्रसंग टेम्पोवाल्यावरही पहिल्यांदाच आला असावा. तो वळून वळून बघत होता.

असा सगळा उलटा हिशेब सुरू झाला. रुचिता जितकी तिखट बोले, तितका पुढे गोड निरोप जाई, आणि निरोप जितका गोड, तितकी गाडी हळू. डहाणूच्या रस्त्याला वळेपर्यंत रुचिताने शैलेशचा उद्धार त्याच्या खानदानासकट करून टाकला होता, आणि शैलेश पुढे बसून गाणं गुणगुणत होता.

तेवढ्यात सुषमाने सासूचा हात घट्ट धरला आणि ओरडली. रुचिताने पाहिलं. बाळाचं डोकं दिसत होतं. आता डहाणू विसरायचं होतं. हलत्या गाडीत हे काम जमणार नव्हतं, आणि एकटीच्या दोन हातांनी तर नाहीच.

"मावशी, त्यांना गाडी थांबवायला सांगा."

"मी कशी सांगू?" धाकली म्हणाली. तिचा हात सुनेने असा आवळला होता की तिला काचेपर्यंत मान वळवता येईना. "तूच सांग की. तोंड हाय ना?"

रुचिता क्षणभर अडली. या क्षणाची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटली. मग ती काचेपाशी गेली.

"शैलेशदादा, गाडी बाजूला घ्या. मागे या. मला तुमची गरज आहे."

गाडी लगेच थांबली. शैलेश हातमोजे चढवतच मागे आला. पुढचं सगळं भराभर झालं. बाळ आलं, मुलगी होती, पण रडेना. शैलेशने न सांगता ऑक्सिजन धरला, रुचिताने नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. गाडीत कोणीच काही बोलत नव्हतं, आणि या वेळी त्यात राग नव्हता. मग पोरीने असा टाहो फोडला की शैलेशने चालू राहिलेला सायरन जाऊन बंद केला. सुषमाचं रक्त बेताचंच गेलं होतं. रुचिताचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने शैलेशलाच फैलावर घेतलं.

"एवढी हळू गाडी चालवतं का कोणी?"

"तुम्हीच सांगितलंत ना, सावकाश जा म्हणून? माझे डोळे लाल झालेत म्हणून?"

"मी?"

दोघांनी एकदम धाकलीकडे पाहिलं. ती नातीला दुपट्यात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"मग काय सांगू?" ती म्हणाली. "तू बोलायचीस ते याला सांगितलं असतं, तर याने गाडी झाडावर घातली असती. गाडीत माझी सून होती. रागावलेला घो गाडीवर बसला का मी बाईचं बोलणं पुढे सांगत नाय. माझ्या सासूने शिकवलंय."

रुचिताचे कान तापले. तिचा नवरा रेल्वेत होता आणि या वेळी डहाणू रोडच्या बुकिंग ऑफिसात बसला असेल. शैलेशची बायको वाढवणला होती आणि त्याला दोन मुलं होती.

"मावशी," रुचिता म्हणाली, "हे माझे मिस्टर नाहीत."

धाकलीने आता मात्र दोघांकडे आळीपाळीने नीट पाहिलं. तिला खरोखरच काही समजेना.

"नवरा नाय?" ती म्हणाली. "मग रुसलीस कशाला?"

रुचिता सुषमाची नाडी पुन्हा तपासायला लागली. शैलेश खाली उतरून पुढे जाऊन बसला आणि गाडी सुरू झाली. तिथून डहाणूपर्यंत दोघं काचेतून एकमेकांशी सारखे बोलत राहिले. पाऊसपाणी, टायरमधली हवा, दवाखान्याचं मागचं गेट, जे सुचेल ते आणि चांगलं मोठ्याने, म्हणजे धाकलीला मध्ये तोंड घालायला जागा मिळू नये.