उकंडाकाकांनी भाकर सोडली

भूक लागली की उकंडाकाका आपल्याच पोटावर हलकी थाप मारतात आणि बुजलेल्या बैलाला शांत करावे तसे म्हणतात, "होऽ राजा, होऽ." नवख्या माणसाला वाटते, जवळपास कुठेतरी बैल उभा आहे. तो मागे वळून पाहतो. मागे कोणी नसते. मग काका खुलासा करतात, "तुमाले नाई म्हटलं. आतमंधल्याले म्हटलं."

त्यांच्याविषयी लिहावे इतका मी काही लिहिणारा नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि अजून निबंधाचे पहिले वाक्यसुद्धा दोनतीनदा खोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पण अकोल्याच्या खोलीवर मी मित्रांना काकांच्या गोष्टी सांगतो तेव्हा ते खूप हसतात, आणि हसणे ओसरले की मला वाटत राहते, आपण काहीतरी सांगायचे ठेवलेच. ते इथे लिहून पाहतो.

उकंडाकाका आमच्या गावी, रिठदला, घरासमोरच राहतात. माझ्या वडिलांचे ते मित्र. नात्याचे नाहीत, पण मला काका आणि आईला भाऊजी; आईला ते वहिनी म्हणतात. त्यांच्या आधीची भावंडे जगली नाहीत, म्हणून ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणले आणि नाव उकंडा ठेवले. "देवाले वाटलं कचरा हाय, राहू द्या अथीच," असे ते स्वतःच सांगतात.

त्यांचा धंदा गोऱ्ह्यांना वळण लावण्याचा. रिसोडच्या बाजारातून कोणी बिनशिकला गोऱ्हा आणला की तो आधी काकांच्या दारात येतो. काका त्याला मारत नाहीत, शिवीही देत नाहीत. पहिल्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवतात, थोडा वेळ पाठीवरून हात फिरवतात आणि जू उतरवून ठेवतात. झाले त्या दिवसाचे काम. पुढे केव्हातरी मागे ओंडका बांधतात, मग रिकामी बैलबंडी, मग भरलेली. मालकाला घाई असते. त्याला काकांचे एकच उत्तर असते, "आधी नुस्तं जू."

हे उत्तर त्यांना कुठेही चालते. मॅट्रिकच्या वर्षी इंग्रजीचे पुस्तक मी उघडतच नव्हतो. काका म्हणाले, "आधी नुस्तं जू. पुस्तक उघडून बस. वाचू नको."

"न वाचता काय करू, काका?"

"काई नाई. बसायची सवय कर. वाचनं मांगून येते."

मी तसे केले. नुसता बसून कंटाळलो म्हणून वाचू लागलो. मी पास झालो त्यात ह्या उपदेशाचा वाटा किती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

पण त्या काळात काका स्वतःला कसलेही वळण लावून घेणारे नव्हते, निदान जेवणाच्या बाबतीत तरी. शेतात रोडग्यांचे जेवण असले की गोवऱ्यांच्या विस्तवातून निघालेले रोडगे वांग्याच्या भाजीत आणि तुपात चुरून ते असे खात की वाढणारे दोन बाजूंनी वाढत. ज्याच्या पंगतीत उकंडाकाका नाहीत ते लग्न लागले तरी लोकांना अर्धवट वाटे. जेवणाचे आवतन द्यायला माणूस निघाला की आधी त्यांच्या दारात यायचा.

त्यांची बायको गोदाकाकू वारल्यावर दीडदोन वर्षांनी काका वाळत चालले. तहान सारखी, लघवीला सारखे उठणे, आणि अंगणात लघवीच्या जागी मुंग्या. शेवटी जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीत बसून ते अकोल्याला माझ्या खोलीवर आले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे औषध घेऊन त्यात त्यांची लघवी तापवली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे विटकरी.

"हे तं इटाच्या भट्टीवानी दिसून राह्यलं," काका म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितले, साखरेची बीमारी आहे. गूळ, साखर, भात, बटाटा बंद. भाकर अर्धीच. हिरव्या भाज्या, ताक, शेंगदाणे भरपूर खा आणि रोज चाला.

काकांनी विचार केला आणि विचारले, "डाक्टरसाहेब, अर्धं जू ठेवलं तं बैल शिकते काय?"

डॉक्टरांना काही समजले नाही. काकांनी मात्र ठरवून टाकले होते. अर्धी नाही, भाकर बंदच.

ज्वारीच्या मुलखात माणसाने भाकर सोडली, ही गोष्ट गावाला पटली नाही. जेवण झाले का असे आमच्याकडे कोणी विचारत नाही, भाकर खाल्ली का असेच विचारतात. काका त्यावर "नाई" म्हणत, आणि समोरचा काळजीने त्यांना घरात बोलावू लागे.

पोटाला त्यांनी गोऱ्ह्यासारखेच शिकवले. आधी फक्त संध्याकाळची भाकर गेली. मग सकाळची न्याहारी. मग दुपारची. पहाटे मेथीचे पाणी प्यायचे आणि एखादा गोऱ्हा बरोबर घेऊन रिसोडच्या रस्त्याने लांब चालून यायचे. जेवणाला अंबाडीची नाहीतर चिवळीची भाजी, जवसाची चटणी, वांगे, तांब्याभर ताक. पण भाकरीशिवाय भाजी कशी उचलायची हे हाताला माहीत नव्हते. हात आपोआप तुकडा मोडायला जाई आणि रिकामाच परत येई. "पोट शिकलं," ते मला म्हणाले, "हात अडेल हाय."

त्यांची एकच अडचण होती. नवा गोऱ्हा एकटा कधी जुंपत नाहीत, जोडीला शिकलेला बैल लागतो. भाकर न खाणारा दुसरा माणूस गावात नव्हता. दिवाळीच्या सुटीत मी आलो तेव्हा त्यांनी मलाच विचारले, "येतं का जोडीले? शिकलेला तं तू हायेसच."

मी दोनतीन दिवस त्यांच्याबरोबर मेथी आणि ताकावर काढले. मग एका पहाटे रिसोडच्या रस्त्यावर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी शेताच्या धुऱ्यावर बसलो. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाय, भाकर खाऊन घे. तुह्या मानेवर हे जू नाई बसत." रागावले नाहीत. पण परत येताना ते माझ्याशी न बोलता गोऱ्ह्याशीच बोलत होते.

पंगतीत खरा घोटाळा झाला. गावातल्या पांडुजींच्या मुलीचे लग्न होते. काका स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला रुमाल बांधून आले, पानावर बसले आणि पिशवीतून डबा काढला. डब्यात अंबाडीची भाजी. पांडुजी स्वतः बुंदीचे टोपले घेऊन पुढे उभे राहिले.

"हे काय, उकंडाभाऊ?"

"माहं जेवन. तुमी वाढा बाकीच्याइले. मी पंगतीले बसाले आलो."

"आमच्या घरचं अन्न चालत नाई काय तुमाले?"

"अन्न चालते. पोटाले चालत नाई."

"मंग घरीच खायचं होतं. अथी डबा घेऊन बसाले हे काय शेत हाय?"

पंगत हसली. काकाही हसले, आणि डबा उघडून जेवले. पण त्या दिवसापासून आवतन त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागले. बोलावले तर डबा आणतो, न खाता उठला तर यजमानाची अब्रू जाते, त्यापेक्षा नकोच, असे लोकांनी ठरवले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. काका मात्र गावात कुठे जेवण असले की आंघोळ करून, धोतर नेसून ओट्यावर बसत. वाढप सुरू झाल्याचा गलका ऐकू आला की म्हणत, "बरं झालं. उगाच पोट बुजलं असतं." आणि आत जाऊन एकटेच जेवत.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आमच्याकडे आखाजीला पितर बसवतात. घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या ओळखीचा, शक्यतो त्याच्या वयाचा माणूस पाटावर बसवायचा आणि पुरणपोळी, खीर, आमरस असे त्याला जेवू घालायचे. पुरुषासाठी पुरुष, सवाष्ण गेलेल्या बाईसाठी सवाष्ण. पाटावरचा माणूस पोटभर जेवून "पोट भरलं" म्हणाला की गेलेल्या माणसाचे पोचले. वडील गेल्यापासून आमच्याकडे त्यांच्या पाटावर उकंडाकाकाच बसत आले होते.

माझा थोरला भाऊ, शेती तोच पाहतो, म्हणाला, "यंदा पांडुजीले बसवू. पितर कुठं डबा घेऊन येते काय?"

आई म्हणाली, "तुह्या बापाच्या पाटावर मी दुसऱ्या कोनाले बसवत नाई."

"मंग बाप उपाशी राह्यला तं?"

हे बोलणे दोन दिवस घरात चालले, आणि ते दोन दिवस काका काही ना काही मागायला येत राहिले. कधी दोर, कधी विळा. वस्तू हातात मिळाली तरी लगेच जात नसत. बाजारातल्या बैलांचे भाव सांगत, आईकडे पाहून थांबत, आणि मग जात. हजामतही करून घेतली होती. आखाजीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

शेवटी आईने मला आवतन द्यायला पाठवले. मी दारात गेलो तसे ते उठलेच. "हाव, येतो." मग थोडे थांबून म्हणाले, "वहिनीले सांग, डबा आनत नाई. वाढन ते खाईन. पोयीबी खाईन. तुह्या बापासाठी एक दिवस."

मी घरी येऊन आईला निरोप सांगितला आणि डॉक्टर काय म्हणाले होते त्याचीही आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका पाटावर बसले. भावाच्या बायकोने, माझ्या वहिनीने, ताट वाढले. पोळी, तिच्यावर तूप, खीर, रस, कुरडई. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. काकांनी ताटाला हात जोडले, पोळीचा तुकडा मोडला. तुकडा तोंडापर्यंत गेला तेव्हा आई म्हणाली, "भाऊजी, ठेवा ते."

काका थांबले.

"तुमचा हात लागला, तेवढ्यानं पोचलं त्यायले. त्यायले पोया खायच्या असत्या तं ते कोनाच्याबी हातानं खातीन. तुमाले बोलावलं ते तुमी जिते राहावं म्हनून." आणि तिने ते ताट उचलून गाईसाठी बाजूला ठेवले आणि दुसरे वाढले. भरली वांगी, अंबाडी, कढी. हे तिने केव्हा करून ठेवले होते, मला माहीत नाही.

काका खाली मान घालून जेवले. सगळे संपवले. "पोट भरलं, वहिनी," म्हणाले, पण पानसुपारीला थांबले नाहीत, घाईने उठून गेले. जाताना रुमाल विसरले. तो द्यायला मी मागोमाग गेलो.

त्यांच्या दारात मला गुळाचा आणि वेलदोड्याचा वास आला. मी गोंधळलो. इतके दिवस हा माणूस आम्हा सगळ्यांना फसवत होता की काय? आत पाहिले तर चुलीपाशी पुरणाचे पातेले, आणि समोर एक पाट, पाटापुढे वाढलेले ताट. पोळ्या जाड, कडेला फाटलेल्या. पाटावर कोणी नव्हते. काका त्या ताटावर पंच्याने वारा घालत होते, माश्या बसू नयेत म्हणून.

"गोदीचं हाय," ते म्हणाले. "शेजारची मथुरा बसते दरसाल, ते यंदा लेकीकडं गेली. दोन घरी जाऊन आलो. त्यायले वाटलं मी थट्टा करून राह्यलो. ज्याच्या घरी भाकर होत नाई, त्याच्या घरी पुरन कुठून येईन म्हने."

मी रुमाल हातात धरून उभा राहिलो.

"गावातले म्हनते, उकंडा मरनाले भेते म्हनून पाला खाते." त्यांनी वारा घालणे थांबवले नाही. "भेतो, बाप्पा. आमाले लेकरू नाई. मी गेलो तं हिच्या नावानं पाट कोन मांडन?"

मी घरी गेलो आणि आईला सांगितले. आई स्वतः सवाष्ण नव्हती; तिने वहिनीकडे पाहिले. वहिनीचे नुकतेच जेवण झाले होते. ती लग्न होऊन आली तेव्हापासून काकांसमोर कधी बोललेली नव्हती. तिने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्यामागून निघाली.

ती पाटावर बसली. काका समोर, चुलीच्या बाजूला, अंग चोरून बसले. वहिनी हळूहळू जेवू लागली. एक पोळी संपत आली तेव्हा काकांनी, तिच्याकडे न पाहता, विचारले,

"गोड झालं का, सूनबाई? मले चाखता येत नाई."

वहिनीने ताट थोडे पुढे सरकवले आणि दुसऱ्या पोळीसाठी धरून ठेवले.