हरिणींची सुटका

एका जंगलात, बालमित्रांनो, एक खारे तळे होते. त्याच्या काठी राहण्याची इच्छा कोणालाही नव्हती; म्हणूनच तीन कुरणांतून हुसकावून लावलेला काळविटांचा एक कळप तिथे येऊन स्थिरावला. कळपाचा प्रमुख सत्यशृंग याला आकाशवाणी ऐकू येत असे. प्रत्येक काळविटाने अनेक हरिणी कराव्यात, हीदेखील आकाशवाणीच होती.

सुलोचना ही सत्यशृंगाची सातवी पत्नी. तिच्या वाट्याला गोड्या झऱ्याजवळचा गवताचा एक तुकडा आला होता. त्यावर तिचे पाडस वाढत होते.

ही प्रथा दूर राजधानीत सिंहमहाराजांच्या कानी गेली. आपल्या पाच सिंहिणींच्या मधोमध बसून महाराजांनी तिचा तीव्र निषेध केला आणि लांडग्यांची पलटण धाडली. काळविटांनी वाटेवरचे सगळे गवत जाळून टाकले. लांडगे गवत खात नाहीत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले. सुदैवाने रसद वाहणारी गाढवे खात असत. उपाशी गाढवे जागची हलेनात, तेव्हा लांडग्यांनी गाढवेच खाल्ली आणि मोहीम यशस्वी झाल्याचे राजधानीला कळवले.

मग राजधानीतल्या विद्वानांनी सुचवले, की कळपाच्या सभेत खूर वर करण्याचा हक्क हरिणींनाच द्यावा. त्या स्वतःच ही प्रथा मोडून काढतील. हक्क मिळाला. हरिणींनी खूर वर केले आणि प्रथा जशीच्या तशी राहू दिली. सुलोचनेने खूर उचलताना फक्त गवताचा विचार केला होता.

हरिणींची गुलामी वाटली होती त्याहून गंभीर आहे, असा निष्कर्ष विद्वानांनी काढला. त्यांच्या मुक्तीसाठी तो हक्क काढून घेण्यात आला.

शेवटी महाराजांनी झराच जप्त करण्याची नोटीस बजावली. तिसऱ्या दिवशी सत्यशृंगाला नवी आकाशवाणी झाली: एका काळविटाला एकच हरिणी.

"अहो," सुलोचनेने विचारले, "आकाशवाणीत माझ्या गवताचं काही आलं का?"

"ती फार थोडक्यात होती," सत्यशृंग म्हणाला. "पहिलीला ठेवायचं, एवढंच ऐकू आलं."

सुलोचना राजाचा आयुक्त करकोचा याच्याकडे गेली. त्याने मुक्तीबद्दल तिचे मनःपूर्वक अभिनंदन केले. पाडसाला घेऊन आता जायचे कुठे, असे तिने विचारले.

"बाई, कुठून निघायचं ते कायद्यात आहे," करकोचा म्हणाला. "पुढचं कलम अजून लिहायचं आहे."

तहाचा सोहळा झऱ्याकाठी झाला. महाराज मुक्तीवर बोलले, सत्यशृंग श्रद्धेवर. दोघांनी एकमेकांना हार घातले. पाहुण्यांच्या बैठकीसाठी सुलोचनेच्या तुकड्यावरचे गवत आदल्या दिवशीच उपटण्यात आले होते.

ती पाडसाला घेऊन मिठाच्या पांढऱ्या काठावरून चालू लागली. पाडसाने वाटेत दोनदा जमीन चाटून पाहिली.

तात्पर्य: आपल्या उद्धारासाठी दोन थोर पक्ष भांडत असतील, तर शहाण्या प्राण्याने ते भांडण मिटू देऊ नये.