कोंडाक्का आणि मोकळ्या हवेचं शिबिर

एका जंगलात एक गुहा होती. बाकी सगळं बाहेर होतं. जंगल कुठलं, कुणाचं, असं मधेच विचारायचं नाही. नाकं पुसा आणि ऐका.

त्या जंगलात कोंडाक्का नावाची म्हैस राहायची. रंगाने काळी, तोंडाने फटकळ. वैशाख तापला की दुपारभर नदीच्या डोहात डुंबायचं, एवढंच तिचं सुख. सुख कसलं, गरजच ती. म्हशीचं कातडं उन्हात तडकतं. डोह नाही तर म्हैस नाही.

एका वर्षी सिंहमहाराजांना पडसं झालं. महाराज शिंकले आणि फर्मान सुटलं, "डोहात फक्त निरोगी जनावरांनी उतरावं. निरोगी कोण? जो मोकळ्या हवेचं शिबिर करील आणि कपाळावर मातीचा टिळा मिळवील, तो!"

शिबिर भरलं गुहेत.

"गुहेत का रे?" कोंडाक्काने विचारलं.

"बाहेर ऊन किती आहे, अक्का!" शेजारचं साळिंदर म्हणालं. "लक्ष कसं लागणार?"

शिकवायला वाघुळे गुरुजी. जातीचं वटवाघूळ. छताला उलटे लटकलेले. उन्हावर त्यांचा मोठा अभ्यास होता. ऊन कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मत अगदी ठाम होतं.

"कोवळ्या उन्हाने हाडं बळकट होतात," गुरुजी म्हणाले. "चालल्याने भूक लागते. झाडांकडे बघितलं की मन शांत होतं. म्हणा माझ्यामागून!"

सगळ्यांनी म्हटलं. खोकत खोकत म्हटलं, कारण गुहेत ओल फार.

शिबिर लांबतच गेलं. हरणाचे गुडघे धरले. माकडाला झाडावर चढवेना, म्हणून त्याला चढण्याचे फायदे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. साळिंदराचे काटे गळायला लागले. कोंडाक्काची भूक मेली. म्हशीची भूक मेली म्हणजे काय ते समजा!

ती उठली.

"कुठे निघालात?" गुरुजी ओरडले.

"बाहेर."

"अहो, बाहेर जाण्याचा धडा अजून व्हायचाय!"

"तो जाता जाता करते."

"अक्का, टिळा मिळायचा नाही हो," साळिंदर कळवळलं. "डोह जाईल हातचा."

कोंडाक्का दारात थबकली. खरंच की. टिळ्याशिवाय वैशाखाच्या दुपारी काढायच्या कशा? बसावं का परत?

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "आता ताज्या हवेचा धडा. दाराला जरा पाला लावा रे, वारा येतोय."

झालं. अक्काने शेपटी झटकली आणि चालू लागली.

डोंगराच्या कडेने हिंडली. पोटभर चरली. गुडघे मोकळे झाले, डोळे चमकले. शेणसुद्धा सुरेख पडलं. हसू नका, तब्येत तिथेच कळते.

पण दुपार झाली. ऊन रणरणायला लागलं. पाठ तडतडली. समोर डोह, आणि कपाळ कोरं. फर्मान पाण्याचं आहे, चिखलाचं नाही, असं म्हणून तिने काठच्या चिखलात डोकं खुपसलं. तेवढाच गारवा.

त्याच वेळी शिबिर संपलं. टिळेवाले रांगेने बाहेर पडले आणि ऊन डोळ्यांत गेलं.

"आई गं! मेलो!" हरीण किंचाळलं. माकड शिंकलं. साळिंदराने उरलेल्या काट्यांत तोंड लपवलं. सगळे उलट पावली गुहेत.

"हवा जरा जास्तच मोकळी आहे," गुरुजी आतून म्हणाले. "आधी उजळणी करू."

डोहावर पोचला तो एकटा तरस. त्याची तिथे पहाऱ्याची नोकरी ना! कपाळावर टिळा, डोळे गच्च मिटलेले, नाकाला धार.

"कोण आहे तिकडे? टिळा आहे का?"

"चाचपून बघ की, मेल्या."

तरसाने अक्काच्या कपाळावरून पंजा फिरवला. पंजा चिखलाने भरला.

"अबब! केवढा मिळालाय!" तो म्हणाला. "पहिला नंबर वाटतं?"

"मग! माझ्याआधी कुणी बाहेर पडलंय का?" असं म्हणत कोंडाक्का धपकन पाण्यात शिरली. सबंध डोह तिचा एकटीचा.

तात्पर्य : मोकळी हवा तब्येतीला चांगली असते, हे दार लावून नीट शिकून घ्यावं. न शिकता बाहेर गेलं, तर नुसतंच बरं वाटतं.