उपाशी कुत्र्यांचं शिबिर

गावातल्या कुत्र्यांच्या नसबंदीचं मोफत शिबिर भरवायचं सत्यभामाबाईंनी ठरवलं, तेव्हा त्यांना त्यात अवघड असं काही दिसलंच नव्हतं. तशा त्यांना एकूणच आयुष्यात अवघड गोष्टी कमी दिसायच्या. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि मंडळात दुसरं कोणी अध्यक्ष व्हायला धजावत नसे.

कारणही सबळ होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज चढेल, उद्या चढेल म्हणून फुलसावंगीच्या आसपास घराघरांत कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवलेला, आणि त्या उबेत गावच्या कुत्र्या बिनघोर व्यायच्या. मंडळाच्या हंसाबाई कापूस काढायला गेल्या, तर आतल्या बाळंतीण कुत्रीनं त्यांचा हातच दातांत धरला. कुत्रा चावल्याच्या सुयांसाठी तालुक्याला खेटे घालता घालता हंसाबाईंची मजुरी बुडाली. तेव्हा सत्यभामाबाईंनी नागपूरच्या डॉक्टर प्रेरणांना फोन लावला. या डॉक्टर आपल्या तीन सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून फुकट ऑपरेशनं करत.

"किमान वीस कुत्रे तरी हवेत हं," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर आम्ही अलीकडच्या ढाणकी गावालाच थांबू."

"वीस? तुम्ही पंचवीसची दवाई आना."

गावात मात्र कोणी कुत्रा द्यायला तयार होईना. सगळ्यात मोठा विरोध चाळिशीच्या भगवानरावांचा. त्यांचा मोत्या म्हणजे बैलगाडीच्या पुढं छाती काढून चालणारा कुत्रा.

"मर्दाची मर्दानगी काढून घेता का, बाई?" भगवानराव म्हणाले. "मोत्याले हात लावाचा नाई. माह्या घरची इज्जत हाय थे."

"नका देऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या. "कुत्रे कसे येत नाईत पाह्यतेच मी."

शिबिराच्या दिवशी पहाटे त्यांनी मोठ्या गंजात हाडं आणि भात शिजवला. वास गावभर गेला. नऊ वाजता डॉक्टर जीपमधून उतरल्या, तर बुद्धविहाराच्या आवारात तीस कुत्रे हातपाय ताणून पडलेले. त्यांत मोत्याही होता.

"एवढे कुत्रे, आणि इतके शांत!" डॉक्टर हरखल्या. "केलंत काय तुम्ही?"

"जेवू घातलं. चांगलं पोटभर. ऑपरेशन म्हंजे अंगात ताकद पायजे नं!"

डॉक्टरांनी हातातली पेटी खाली ठेवली. "बाई, भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. झोपेत उलटी झाली तर जीव जातो. आज एकालाही हात लावता येणार नाही."

'चुकलं माझं' हे शब्द सत्यभामाबाईंच्या तोंडून अजून कोणी ऐकले नव्हते. त्या दिवशीही ऐकले नाहीत.

"मंग उद्या करू," त्या म्हणाल्या. "त्यात काय!"

"उद्या अकरापर्यंत थांबू. त्यापुढं ढाणकी."

आता एकच काम होतं. गावानं संध्याकाळपासून कुत्र्यांना खायला घालायचं नाही आणि सकाळी त्यांना बांधून आणायचं. सत्यभामाबाईंनी कागदाच्या दोन्ही बाजूंनी सूचना लिहिली, शिबिराचे अकरा फायदे जोडले आणि कागद नवऱ्याच्या, डोमाजींच्या हातात दिला. विहाराचा भोंगा त्यांच्याच ताब्यात असे. डोमाजी फार कमी बोलत. तीस वर्षांचा संसार त्यांनी 'हो' आणि 'बरं' यांच्यावर निभावला होता. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला, बाजूला ठेवला आणि भोंग्यावर सांगितलं, "उद्या आठ वाजता विहारात नसबंदी हाय. आज संध्याकाळपासून जेवण बंद."

पारावर बसलेल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मी म्हनत होतो नं!" पंचाहत्तरीचे फुलसिंग काठी टेकत उठले. "सकाळी पाह्यलं का? डॉक्टरनं एकाबी कुत्र्याले हात लावला नाई. कुत्रे नुसते दाखवाले होते. आणीबाणीतबी असंच झालतं. राशन देतो म्हने, अन् धरून नेलं."

"पन काका, तुमाले कायले भेव? तुमचं वय झालं."

"त्याईले वय दिसत नाई, बाप्पा. त्याईले आकडा दिसते!"

आकड्याचं सगळ्यांनाच पटलं. सकाळी नागपूरची जीप, पांढरे कोट आणि सुयांच्या पेट्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. दिवस कलायच्या आत गावातला प्रत्येक बाप्या आपापल्या वावरात पोचला होता, तोही डबा न घेता, कारण घरी डबा मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

सकाळी आठ वाजता विहाराच्या आवारात दोन कोंबड्या आणि एक शेळी होती. डॉक्टर घड्याळ पाहत होत्या. तेवढ्यात भगवानरावांच्या बायको कोकिळाबाई आल्या.

"बाई, आमचे हे कालचे वावरात गेले, थे आलेच नाई. पोटात अन्नाचा कन नाई."

"अन् मोत्या?"

"थो तं त्याईच्या मांगं मांगंच असते. साऱ्याईचे कुत्रे असेच गेले, मालकाच्या मांगं."

सत्यभामाबाई नवऱ्याकडं वळल्या. "अजी, भोंग्यावर काय सांगतलं तुम्ही?"

डोमाजींनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं.

"अन् कुत्रा? कुत्रा हा शब्द कुठी गेला?"

"कागद मोठा होता," डोमाजी म्हणाले. "कुत्र्याचं तं साऱ्याले मालूम होतं."

सत्यभामाबाईंनी पदर खोचला. कोकिळाबाईंना बरोबर घेऊन त्या तडक भगवानरावांच्या वावराकडं निघाल्या. तुरीच्या मधोमध मचाण होतं. मचाणावर कोणीच दिसत नव्हतं. पण खाली मोत्या बसला होता आणि वर पाहून शेपूट हलवत होता.

"भगवानराव, खाली या."

वरून आवाज आला, "नाई येत. मी तुमचं काय बिघडवलं, बाई?"

"अवो, ऑपरेशन तुमचं नाई!"

"मंग कोनाचं?"

"मोत्याचं."

मचाणाच्या कडेवरून भगवानरावांचं डोकं बाहेर आलं.

"बुद्धाची शपथ घेता?"

"घेते."

आधी वरून दोर पडला. पाठोपाठ भगवानराव उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो दोर मोत्याच्या गळ्यात बांधला. "न्या. आताच्या आता न्या. कुत्रंच तं हाय, बाई. त्याची काय एवढी इज्जत!"

मग भगवानरावांनीच बांधावर उभं राहून हाका मारल्या. एका वावरातून दुसऱ्या वावरात निरोप गेला. तुरीतून, पऱ्हाटीतून माणसं उठू लागली. सुटकेचा आनंद एवढा होता की कोणी हुज्जत घातली नाही. ज्यानं त्यानं आपला कुत्रा धरला. दोर नव्हता त्यांनी दुपट्ट्यानं बांधला. फुलसिंगकाकांकडं कुत्रा नव्हता, म्हणून त्यांनी वाटेत दिसलेला एक धरून आणला.

साडेदहा वाजता डॉक्टर प्रेरणांनी मोजले. सत्तावीस.

"सगळे उपाशी?"

"सारेच उपाशी," हंसाबाई म्हणाल्या. "कुत्रेबी अन् मालकबी."

डॉक्टर बघतच राहिल्या. "इतर गावांत आम्ही जाळी घेऊन कुत्र्यांमागं पळतो. इथं प्रत्येकाला मालक धरून आणतोय. एवढी शिस्त मी कुठंच पाहिली नाही."

"आमचं नियोजनच तसं असते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

डोमाजींनी बायकोकडं एकदा पाहिलं आणि ते भोंग्याची वायर गुंडाळू लागले.

दुपारपर्यंत मोत्याचं उरकलं. आवारात पोत्यावर भगवानराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मोत्यानं डोळे उघडले, शेपूट जरा हलवली. मग भगवानरावांनी डॉक्टरांना हळूच बोलावलं.

"डॉक्टरबाई, याले लय दुखन का?"

"दोन-तीन दिवस. आठवड्यात विसरेल."

"अन् रुबाब? थो राह्यते?"

"कुत्र्याचा?"

"कुत्र्याचाच म्हनतो मी." भगवानरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "मानसाचं याच्याहून मोठं असते का जी?"

"छे. याच्याहून लहान. आता तर टाकासुद्धा घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी माणूस हिंडतो-फिरतो."

मागं कोकिळाबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. घरी चार लेकरं होती, आणि पुढच्या मंगळवारी सरकारी दवाखान्यात त्यांच्या पोटाच्या ऑपरेशनची तारीख होती. 'बायकायचं सोपं असते' असं घरात ठरलेलं होतं. ठरवणारे आता मोत्याचे कान कुरवाळत होते.

त्यांनी कप नवऱ्यापुढं ठेवला. "पुसा, पुसा. सारं पुसून घ्या. मंगळवारले अजून पाच दिवस हायेत."

भगवानरावांनी कप उचलला.

मंगळवारी दोघं दवाखान्यात गेले. तारीख तीच राहिली. रजिस्टरातलं नाव तेवढं बदललं.