आपोआप बघणारं भिंग

फोटो काढताना डोळे उघडे ठेवायची गरज आता फक्त समोरच्याला, काढणाऱ्याला नाही, असं गोमटेश चौगुलेने राजारामपुरीतल्या आपल्या स्टुडिओत जाहीर करून टाकलं होतं. साल अठ्ठ्याऐंशी. मस्कतहून आलेल्या मावसभावाने त्याला एक कॅमेरा आणून दिला होता. बटण अर्धं दाबलं की त्याचं भिंग कुर्र करून स्वतःच फिरायचं आणि समोरचा माणूस लख्ख दिसायला लागायचा. अख्ख्या कोल्हापुरात असलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, निदान गोमटेशचं तसं म्हणणं होतं.

कसबा बावड्याचे पिराजीमामा हे जुने फोटोग्राफर. गोमटेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांनी ते कुर्र ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"आरं, भिंगाची कडी फिरवायला देवानं बोटं दिल्यात की. आपुन फिरवली की कुणाकडं बघायचं ते आपुन ठरवतो. हे बेणं कुणाकडं बघंल, त्याचं त्यालाच ठावं."

"मामा, जमाना बदललाय."

"बदलू दे. पर मगदुमाच्या घरचं लगीन हाय. माझं जुनं भिंग घिऊन जा."

गोमटेशने ते नेलं नाही. खरं तर या लग्नात त्याने जपून काम करायला हवं होतं. जयपाल मगदूम हे कापडाचे व्यापारी, आणि लग्न त्यांच्या थोरल्या मुलीचं, सुनंदाचं. पण गोमटेशचा जीव अडकला होता धाकटीत, त्रिशलात. त्याच्या आईने, माईने, मगदुमांच्या कानावर ती गोष्ट घातलीही होती. त्यावर जयपालअण्णा एवढंच म्हणाले होते, "पोरगं हातातलं काम कसं करतंय ते बघू. सुनंदाचे फोटो त्यालाच सांगा. मग बोलू."

लग्नाच्या दिवशी गोमटेश एका हाताने फोटो काढत होता. दुसरा हात खिशात. फ्लॅशही नको, म्हणाला, भिंग पुरेसं उघडतंय. जयपालअण्णांचा सगळा जीव पंगतींकडे, कारण जैनांच्या रीतीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत माणसं जेवून उठली पाहिजेत. नवरा-नवरी उभे राहिले ते मध्ये वीतभर अंतर ठेवून. पुढच्या खुर्च्यांवर दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसलेली असताना मगदुमांच्या घरात आजवर कुणी त्याहून जवळ उभं राहिलेलं नव्हतं. आणि मागे, बरोबर त्या फटीत, हातात नारळ ठेवलेला करा घेतलेली करवली होती. त्रिशला.

कुर्र, खट. कुर्र, खट. गोमटेशला काळजीच नव्हती.

फोटो धुऊन आले तेव्हा त्याने पाकीट उघडूनसुद्धा बघितलं नाही. उघडून बघायची वेळ पिराजीमामांवर येते, आपल्यावर नाही, अशा ऐटीत ते तसंच नेऊन त्याने मगदुमांच्या बाहेरच्या सोप्यात अण्णांच्या हातात दिलं.

अण्णांनी पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. मग चष्मा पुसून तिसरा.

"ही कोण?"

"त्रिशला," गोमटेश म्हणाला.

"आन् ही?"

"त्रिशलाच."

"लगीन कुणाचं हुतं?"

"सुनंदाताईंचं."

"मग ती कुठं हाय?"

गोमटेशने एका लालसर ढगावर बोट ठेवलं. रत्नाबाईंनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आन् ह्यो आपला जावई, का मांडवाचा खांब?"

प्रत्येक फोटोत हीच गत. कडेला दोन ढग, आणि मधल्या फटीत त्रिशला अशी स्वच्छ, की तिच्या हातातल्या नारळाच्या शेंडीचा धागान् धागा दिसावा.

"अण्णा, मी काय केलं न्हाय," गोमटेश काकुळतीला आला. "हे भिंग आपोआप बघतंय. मधोमध जे असंल त्याच्याकडं. ताई आन् पावणं लांब लांब उभं ऱ्हायले, मधी फट पडली..."

"म्हंजे आमचं वळण चुकलं म्हणतोस?"

"न्हाय, यंत्र चुकलं. माझं तर त्रिशलाकडं लक्षबी नव्हतं. शप्पत."

नेमकी त्याच वेळी त्रिशला सरबताचे पेले घेऊन दारात आली.

"लक्षबी नव्हतं?" तिने विचारलं. सगळ्यांना सरबत दिलं आणि गोमटेशचा पेला तबकात तसाच ठेवून आत निघून गेली.

आता गोमटेशची चांगलीच पंचाईत झाली. दोष भिंगाचा म्हणावा तर त्रिशला गेली, आपला म्हणावा तर अण्णा गेले. तो घाम पुसत एवढंच म्हणाला, की पाचपरतावणाला ताई माहेरी येतील तेव्हा मी सगळे फोटो पुन्हा काढून देतो. अण्णांनी दोन अटी घातल्या. ते यंत्र उंबऱ्याच्या आत येता कामा नये, आणि फोटो होईपर्यंत त्रिशलाने स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल टाकायचं नाही.

पिराजीमामांनी आपला जुना कॅमेरा भिंगासकट दिला. "कडी सावकाश फिरीव. ज्याला बघायचं हाय त्याचा डोळा साफ दिसला की थांब. सोपं हाय."

परसात सुनंदा पुन्हा शालू नेसून उभी राहिली, जावईबापू मुंडावळ्या बांधून. अंतर अजून वीतभरच. बाजूला खुर्ची टाकून अण्णा राखणीला. गोमटेशने कडी फिरवली आणि सुनंदाची नथ लख्ख दिसायला लागली. त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात मधल्या फटीतून त्याला स्वयंपाकघराची खिडकी दिसली. तिच्यात कुणीतरी उभं होतं. सरबतसुद्धा न देणारी ती पदर तोंडाला लावून हसत होती. आता नीट दिसेना तर माणूस काय करणार? बोटं हलली. खट.

दुसरं पाकीट अण्णांनी उघडलं तेव्हा गोमटेश दाराजवळच उभा होता. दोन ढग. मध्ये खिडकीचे गज, आणि गजांमागे त्रिशला. अण्णांनी मान वर केली.

"आज कंचं भिंग?"

"पिराजीमामांचं. जुनं."

"ते आपोआप फिरतंय?"

"न्हाय."

"मग कोण फिरवतंय?"

"मी."

आत एक भांडं पडलं. थोड्या वेळाने सरबत आलं आणि पहिला पेला गोमटेशला मिळाला. अण्णांनी ते बघितलं, पेल्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.

"माईंना म्हणावं, रविवारी बोलायला या," ते म्हणाले. "आन् तुमच्या लग्नाचे फोटो पिराजीला सांगतो. तू नुसता पाटावर बस."

पिराजीमामांनी काढलेले ते फोटो अगदी झकास आले. सुनंदाच्या सांगलीच्या घरात मात्र तिच्या स्वतःच्या लग्नातला फोटो भिंतीवर आहे. कुणी विचारलं की ती शांतपणे सांगते, "मधली ती माझी धाकटी भैण. पुढं ते धुकं दिसतंय न्हवं, ते आम्ही दोघं."