शहाडची एकटी

१८८६ सालच्या ऑगस्टमधल्या शेवटच्या सोमवारी शहाडच्या रेल्वेपुलाचा राखणदार इनास हा तलाठी दामल्यांच्या ओसरीवर अर्ज लिहून घ्यायला आला. अर्ज कल्याणच्या मामलेदारांना करायचा, म्हणजे तो मोडीत हवा, आणि इनास ठाण्याला पाद्रींच्या शाळेत शिकला होता ती अक्षरे रोमन होती.

"विषय काय?" दामल्यांनी बोरू बुडवला.

"नदीकाठच्या पाणथळीत मुरूम टाकतायत, नव्या रस्त्यासाठी. तो थांबवा, असा लिवा."

"कारण?"

"तिथं एकटी उबी हाय."

दामल्यांनी वर पाहिले. "एकटीच?"

"आता एकटीच. आधी बारा होत्या. सात वर्सांमागं एक साहेब आला, तो अकरा जनी घेऊन गेला."

साहेबाचा उल्लेख आल्याबरोबर दामल्यांनी ते वाक्य लिहायचे नाही असे ठरवले. मग त्यांनी खाली मान घालूनच विचारले की दिसायला कशी आहे. इनास म्हणाला, गोरी, सफेत, बारीक अंगाची. नाते काय, असेही त्यांनी विचारले.

"नातं नाय. मी रोज जाऊन बसतो."

दामले सभ्य गृहस्थ होते. इनासची बायको वारल्याला नऊ वर्षे झाली होती, पुलाजवळच्या दगडी चौकीत तो एकटाच राहत होता आणि त्याच्या जातीचे माणूस जवळपास नव्हते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी पुढे काही विचारले नाही. विचारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

एकटी हे फूल होते. उल्हास नदी आणि भाताची खाचरे यांच्यामध्ये पाणथळीचा एक चिंचोळा पट्टा होता. तिथले पाणी वाहत नसे आणि आटतही नसे. त्या पट्ट्यात, गुडघाभर गवतात, भाद्रपदात, ख्रिस्ती लोकांच्या मावलीच्या सणाच्या सुमारास, एक सरळ दांडा वर येई आणि त्यावर आठ-दहा पांढरी फुले एकावर एक उमलत. प्रत्येक फुलाच्या पाकळीला झालर आणि मागे बोटभर लांब, हिरवट शेपटी. दिवसा वास नसे. संध्याकाळी असा सुटे की इनास चौकीत बसून वारा कुठला ते सांगे. तो मोहने गावापर्यंत दोन्ही काठ चालून आला होता. दुसरीकडे असे फूल नव्हते. सात वर्षांपूर्वी झाडपाला गोळा करणाऱ्या एका साहेबाने अकरा दांडे कंदासकट उपटून कागदात दाबून नेले. बारावा गवतात दिसला नाही म्हणून राहिला, आणि त्या दिवसापासून इनास त्याला एकटी म्हणू लागला. फूल हा शब्द त्याच्या तोंडी येईनासा झाला होता.

कचेरीत पोचलेला अर्ज सहा ओळींचा होता. शहाडच्या पाणथळीत एकटी उभी आहे. वर्णाने गोरी, पांढरे वस्त्र, अंगाने क्षीण. मुरूम टाकल्यास जिवास मुकेल. कोणी नातलग नाही. कचेरीने चार दिवसांत हुकूम काढला. इतक्या लवकर हुकूम निघाल्याचे तिथल्या जुन्या कारकुनांना आठवत नव्हते. मुरुमाचे काम ताबडतोब बंद करावे. पोलीस पाटलाने एका पोक्त बाईला सोबत घेऊन जावे आणि सदर विधवेस समजूत घालून अब्रूने आणावे. जात, वय व सासर कळवावे.

पोलीस पाटील दौलत गावची सुईण हौसाबाई हिला घेऊन पाणथळीवर आला. इनासने बोट दाखवले. दौलत बराच वेळ बोटाच्या पलीकडे पाहत राहिला.

"बाय कुठं हाय?"

"ती काय. गवतात."

"त्ये फूल हाय."

"हां. एकटी."

दौलत बांधावर खाली बसला. हौसाबाई गुडघ्यापर्यंत लुगडे खोचून पाण्यात उतरली, फुलाजवळ वाकली आणि तिने हुकमाप्रमाणे विचारले, "काय गं बाय, सासर कुठलं तुझं?" मग ती इतकी हसली की काठावरचा बगळा उडाला. दौलतला हसू आले नाही. हुकूम आल्यापासून चाळीस मजूर बसून होते. हुकमावर खुद्द मामलेदारांची सही होती. मामलेदारांनी फुलासाठी सरकारी रस्ता अडवला असे कागदावर यायचे, तर त्या कागदाखाली नाव दौलतचे येणार होते. इनासची अडचण वेगळी होती. खरे कळले की दुसऱ्या दिवशी मुरूम पडणार.

"खोटं लिवायचं न्हाई," दौलत शेवटी म्हणाला. "पन समदं खरं कशाला?"

दामल्यांनी जबाब लिहिला आणि दौलतने त्यातला शब्द न् शब्द तपासून घेतला. एकटी जागेवर आहे. प्रकृती बरी आहे. बोलत नाही. अन्न घेत नाही. तिथून हलवल्यास वाचणार नाही. पाय चिखलात असल्याने दिसत नाहीत.

कचेरी हादरली. उलट टपाली दोन हुकूम आले. बाईचे चित्त ठिकाणावर येईपर्यंत हौसाबाईने रोज दिवसभर तिच्याजवळ बसावे, हा पहिला. दुसरा असा, की बाईला कोणी त्रास देऊ नये म्हणून गावोगाव दवंडी पिटावी.

पहिल्या हुकमाप्रमाणे हौसाबाई रोज सकाळी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन बांधावर येई. बाई अन्न घेत नसल्याने ते इनास खाई. ती बोलघेवडी होती. कुठल्या घरात कोण पायाळू जन्मले, कोण जन्मल्यावर रडले नाही, हे सगळे तिने त्याला सांगितले. त्याच्या बायकोचे नाव काय होते, हेही विचारले. सुझाना, असे म्हणताना आपण हे नाव किती दिवसांनी मोठ्याने उच्चारले, याचा इनासने हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला. अठरा दिवस हे चालले. सकाळी पाण्याची घागर भरताना तो वाटेकडे पाहू लागला.

दुसऱ्या हुकमाप्रमाणे दवंडीवाल्याने शहाडपासून मोहन्यापर्यंत ढोल वाजवला. कागदात होते तेच तो ओरडला. पाणथळीत एक गोरी बाई पांढऱ्या वस्त्रात एकटी उभी आहे, बोलत नाही, जेवत नाही, तिचे पाय दिसत नाहीत, तिकडे कोणी जाऊ नये हो.

यात कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. हडळ म्हटले की उलटे पाय, आणि ती पाय दाखवत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मजूर त्याच दिवशी फावडी टाकून गेले. ठेकेदाराने रस्ता अर्धा मैल वरून नेण्याची परवानगी मागितली आणि कचेरीने ती आनंदाने दिली. गुराख्यांनी गुरे पलीकडे वळवली. कोळ्यांनी तिथली जाळी काढून घेतली. त्या काठावर आता जो पाय पडे तो बगळ्याचा.

मग मालन म्हणून एक पोटुशी होती, तिच्या घरच्यांनी हौसाबाईला न बोलावता कल्याणहून सुईण आणली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन घरांनी तेच केले. हडळीजवळ बसलेले हात बाळंतिणीला नकोत, असे त्यांचे म्हणणे पडले.

"मी वरडून सांगते फूल हाय, फूल हाय," हौसाबाई म्हणाली. "त्या म्हनतात, सरकारच्या कागदात बाय हाय. तू अडानी, तुला काय कळतंय." चटणीचे फडके ती घडी घालत होती. "माजं पोट त्या हातांवर हाय, इनास."

इनास म्हणाला की तो कचेरीत खरे कळवील.

"आन मुरूम?"

हौसाबाईने फडके कमरेला खोचले आणि ती बांधावरून उठली.

दुसऱ्या दिवशी इनास दामल्यांच्या ओसरीवर गेला. दामल्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"लिवा," इनास म्हणाला. "ती बाय नाय."

दामल्यांनी तेवढे लिहिले. "मग काय आहे?"

बोरूची शाई वाळली. दामल्यांनी तो पुन्हा बुडवला. इनास ओसरीच्या कडेला बसून अंगणातल्या चिखलाकडे पाहत होता. चिखल तिथेही होता, पण त्यात काही उगवण्यासारखे नव्हते.

"काय नाय," तो म्हणाला. "फाडा तो."

हौसाबाई यायची बंद झाली. इनासच्या सांगण्यावरून दामल्यांनी कचेरीला कळवले की बाईने जागा सोडली आहे, पुढील वर्षी याच दिवसांत परत येण्याचा संभव आहे, तरी बंदी कायम असावी. बंदी कायम झाली. दांडा वाळला, कंद चिखलाखाली सुखरूप राहिला. महिन्याभरात हौसाबाईला पहिले बोलावणे आले, मग दुसरे. तिचे हडळीजवळ बसणे गाव विसरायला तयार होते.

पुलाखालून कल्याणच्या बाजाराला जाणारी वाट मात्र तशीच होती. इनास चौकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला पूर्वीसारखा हाक मारी, पण हडळीच्या जागेजवळ कुणी हाक मारली तर ओ द्यायची नसते, असा रिवाज आहे. माणसे समोर पाहून झपझप निघून जात. एके दिवशी भाजीच्या टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बायकांत हौसाबाई होती.

"हौसाबाय," इनास म्हणाला. "बरी हायस ना?"

कुणीच मान वळवली नाही. थोडे पुढे, चौकीतून दिसेल अशा जागी, हौसाबाई थांबली, तिने डोक्यावरची टोपली खाली उतरवली, चुंबळ सोडली, झटकली, पुन्हा गुंडाळली आणि टोपली सावकाश डोक्यावर घेतली. एवढ्याला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट तिने लावला.

"काय गं, जड झाली?" बायकांनी विचारले.

"जरा," ती म्हणाली, आणि त्या निघाल्या.