दत्तोपंतांचा राहिलेला वन्स मोर

सांगलीच्या चंद्रविलास थिएटरात १९५१ सालचा एक वन्स मोर अजून शिल्लक होता, आणि कार्यक्रम सुरू झाला की बरोबर विसाव्या मिनिटाला तो बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यातून येई. तिथे कोणी बसलेलं नसे. आवाज मात्र खणखणीत, तोंडात पान असलेल्या माणसाचा.

गेल्या वर्षी थिएटरला नवा रंग लागला, लाकडी खुर्च्यांना गाद्या आल्या आणि नाटकांच्या जागी बँड, जादूगार आणि विनोद सांगणारी मुलं येऊ लागली. वन्स मोर नव्या मालकांनी इमारतीबरोबरच घेतला होता. त्याला मान दिला नाही तर तो दर मिनिटाला वरच्या पट्टीत येई. म्हणून स्टेजवर जो असेल त्याने शेवटचं केलेलं पुन्हा करून दाखवायचं, असा नियम झाला. तेवढ्यावर तो त्या दिवसापुरता गप्प बसे. बँडवाल्यांचं काही बिघडत नसे. जादूगार सशाला परत टोपीत बसवी. हाल व्हायचे ते विनोदवाल्यांचे. तोच विनोद लगेच पुन्हा सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडे. इस्लामपूरचा एक गुणी मुलगा इथला प्रयोग झाल्यापासून बी.एड. करतो आहे.

रविवारी पाच वाजता इरा जोगळेकरचा पहिला प्रयोग होता. तिच्या आजी, कुमुदताई, जन्मात पहिल्यांदा चंद्रविलासची पायरी चढल्या. दारात मॅनेजर कुंभोजकर उभे होते.

"आपण दत्तोपंत कारखानीसांपैकी का?" त्यांनी विचारलं. ते प्रत्येकालाच विचारत.

"नाही हो," कुमुदताई म्हणाल्या आणि भराभर आत गेल्या.

ते खोटं होतं. दत्तोपंत त्यांचे वडील. १९५१ साली याच स्टेजवर, संगीत नाटकात त्यांच्या पदाला वन्स मोर मिळाला आणि तेवढ्यात विंगेतून मुलगी झाल्याचा निरोप आला. दत्तोपंत राजाच्या वेषात, मिशीसकट, टांग्यात बसून दवाखान्यात गेले. 'तुझ्यापायी राहिला बरं का,' हे कुमुदताई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. राहिलेलं पद वारसाने म्हटलं तरी चालतं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या गाण्याच्या बाईंनी त्यांना आठवड्यात घरी पाठवलं होतं, आणि पाठवताना पेढे वाटले होते.

इराने सुरुवात झकास केली. एकोणिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "आमची आजी अंगाई म्हणायला लागली की मी झोपेचं सोंग घ्यायचे. माझ्या अभिनयाची सुरुवात तिथली." लोक खो खो हसले. कुमुदताईही हसल्या.

"वन्स मोर!" बाल्कनीतून आलं.

इराला आता तोच विनोद पुन्हा सांगायचा होता. आठवडाभर पोरीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. हे कुमुदताईंनी पाहिलं होतं. त्या उठल्या.

"कुंभोजकर, मी दत्तोपंतांची मुलगी."

"मघाशी नाही म्हणालात."

"मघाशी लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटतीय. पण म्हणते."

कुंभोजकरांनी आधार कार्ड मागून घेतलं, त्यावरची जन्मतारीख दत्तोपंतांच्या त्या प्रयोगाच्या तारखेशी ताडून पाहिली आणि मान डोलावली.

कुमुदताईंनी पद म्हटलं. सा कुठला लागला हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण त्यांनी एक ओळ गाळली नाही, डोळेही मिटले नाहीत. बाल्कनी मुकाट्याने ऐकत होती. पद संपलं तशी वर एक खुर्ची करकरली आणि जिन्यावरून वहाणा वाजत खाली आल्या. कुंभोजकरांनी दार उघडून धरलं. "या," ते म्हणाले, "बराच वेळ झाला तुम्हाला." मग त्यांनी दार लावून घेतलं.

आणि सगळं थिएटर उठलं. "वन्स मोर! वन्स मोर!"

कुमुदताईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुन्हा गायला सांगत होतं. त्यांना रडू आलं. गावंसं फार वाटलं. त्यांनी स्टेजवर पाहिलं. इरा माइक धरून उभी होती. तिचे अजून तेरा विनोद राहिले होते.

"नाही जमायचं," कुमुदताई म्हणाल्या. "नातीचा कार्यक्रम आहे." आणि त्या खाली बसल्या.

इराने पुढचा विनोद सुरू केला. कुंभोजकर वाकून कुमुदताईंच्या कानाशी आले.

"म्हणजे हा राहिला. वारस कोण लावायचा?"

कुमुदताईंनी स्टेजकडे बोट केलं.

"त्यांना गाता येतं?"

"छे," कुमुदताई अभिमानाने म्हणाल्या. "अगदी माझ्यावर गेलीय."